चाल कुणाची?

गेल्या तीन वर्षांत मी एकवीस छोट्या सुरावटी रचल्या आहेत. प्रत्येक साधारण दीड-दोन मिनिटांची. एक बर्फाच्या गुहेसाठी, एक रात्रीच्या रेल्वे यार्डासाठी, एक शेवटच्या राक्षसाच्या आधी लागणाऱ्या रिकाम्या खोलीसाठी. आता ही गुहा, हे यार्ड, ही खोली कुठल्याच गेममध्ये नाही. १९८५ ते १९९० च्या दरम्यान निन्टेन्डोच्या मशीनवर असा एखादा गेम निघाला असता, तर त्यात काय वाजलं असतं, याचा अंदाज करत मी हे लिहितो. दिवसा हिंजवडीत एका कंपनीसाठी कोड लिहायचा आणि रात्री जेवणं झाल्यावर हेडफोन लावून, अस्तित्वात नसलेल्या गेमच्या अस्तित्वात नसलेल्या लेव्हलला पार्श्वसंगीत द्यायचं, असा माझा दिनक्रम आहे.

याला 'फॅन म्युझिक' म्हणतात. पण त्यात दोन जाती आहेत. मूळ गेममधली धून घेऊन ती गिटारवर, पियानोवर किंवा ऑर्केस्ट्रात वाजवली, तर ते कव्हर किंवा रीमिक्स. तिथे हिशोब सोपा असतो. धून अमक्याची, वाजवली मी. मी करतो ते दुसऱ्या जातीतलं. त्यात एकही धून उसनी नसते. उसनी असते ती भाषा. आवाजाचा पोत, स्वरांची ठेवण, चाल कुठे वळते, कुठे परत येते, ही सगळी ढब.

आई हार्मोनियम शिकलेली आहे. बर्फाच्या गुहेची चाल ऐकून ती म्हणाली, "छान आहे रे. पण हे तर तुमच्या त्या मारिओचंच वाटतंय."

"अगं, यातली एकही ओळ मारिओतली नाही."

"ओळ नसेल. पण वाटतंय तर त्याचंच ना?"

प्रश्न साधा होता, पण मला तो पुरून उरला. एखादी गोष्ट पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत मी केलेली असूनही ती पूर्णपणे माझी नाही, असं असू शकतं का? आणि तसं असेल, तर मी कुणाचं काय देणं लागतो?

*

आधी ही उसनी भाषा काय आहे ते सांगतो.

निन्टेन्डोचं फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानमध्ये आलं. त्याच्या चिपमध्ये आवाजाचे फक्त पाच चॅनल होते. दोन पल्स चॅनल, म्हणजे तो ओळखीचा टोकदार, पिपाणीसारखा आवाज. एक ट्रँगल, गोल आणि खर्जातला. एक नॉइज, म्हणजे निव्वळ खरखर. आणि पाचवा, छोटे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारा. पल्सला आवाज कमी-जास्त करायच्या सोळा पायऱ्या. ट्रँगलला तेही नाही. तो एक तर वाजतो, नाही तर गप्प बसतो.

एवढ्याशा सामानात संसार करायचा म्हणजे युक्त्या आल्याच. एका चॅनलवर एका वेळी एकच स्वर वाजतो, मग तीन स्वरांचा कॉर्ड कसा वाजवायचा? तीन स्वर एकामागोमाग इतक्या भरभर बदलायचे की कानाला ते एकत्र वाटावेत. घुमारा हवा असेल, तर दुसऱ्या पल्सवर तीच चाल जराशी उशिरा आणि हळू आवाजात वाजवायची. ढोलासारखा ठोका हवा असेल, तर ट्रँगलचा स्वर क्षणात वरून खाली घसरवायचा. आणि खेळणाऱ्यानं उडी मारली की त्या 'टुइंग'साठी एक चॅनल सोडायचा. तेवढा वेळ गाण्याचा एक धागा चक्क गायब होतो, आणि आपल्याला लहानपणी ते कधी कळलंही नाही.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ चा अख्खा गेम, चित्रं, नियम, संगीत सगळं धरून, ४० किलोबाइटचा आहे. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटो त्याहून मोठा असतो. कोजी कोंडो यांना त्या ४० किलोबाइटमधला एक कोपरा मिळाला होता. चाल छोटी असणार, पुन्हा पुन्हा वाजणार, आणि शंभराव्यांदा ऐकतानाही तिचा वीट येता कामा नये. पोरगं त्याच लेव्हलला पंचवीस वेळा मरणार आहे, हे धरूनच ती लिहायची.

म्हणजे आपण ज्याला 'जुन्या गेमचा आवाज' म्हणतो, तो कुणी एका बैठकीत ठरवलेला नाही. मशीनची मर्यादा आणि ती सांभाळून काही मोजक्या माणसांनी काढलेल्या वाटा, या दोन्हींतून तो घडला. माझ्या हातात आज ज्या युक्त्या आहेत, त्यांतली एकही माझी नाही.

*

इथे एक गमतीची अडचण येते. मी ज्या आवाजाचा चाहता आहे, तो मूळ आवाज मी लहानपणी ऐकलेलाच नाही.

मी सांगलीत वाढलो. आमच्याकडे होता तो 'टीव्ही गेम' निन्टेन्डोचा नव्हता. बाजारात मिळणारं, कुठून आलं याचा पत्ता नसलेलं ते नकली मशीन. त्यात घालायची ती 'कॅसेट', आणि त्यावर छापलेलं असायचं '९९९९ इन १'. प्रत्यक्षात आत गेम असायचे मोजकेच. बाकीचे आकडे म्हणजे तेच गेम वेगळ्या लेव्हलपासून सुरू केलेले. तरी सुट्टीत आम्ही चुलतभावंडं ती यादी खालपर्यंत बघायचो. न जाणो, सात हजारांच्या पुढे काही नवीन निघालं तर!

ही मशीनं कशी होती, ते मी मोठेपणी, इंजिनिअर झाल्यावर समजून घेतलं. मूळ जपानी आणि अमेरिकन मशीन सेकंदाला ६० चित्रं दाखवायचं आणि गाण्याची लय त्या चित्रांना बांधलेली असायची. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत सेकंदाला ५० ची. त्या पद्धतीसाठी बनवलेल्या कितीतरी नकली मशीनांत पट्टी जवळपास तीच राहायची, पण लय सहाव्या हिश्शानं संथ व्हायची. शिवाय काही नकली चिपांमध्ये पल्सच्या दोन प्रकारच्या आवाजांची अदलाबदल झालेली होती. जिथे पातळ, नाकातला आवाज हवा तिथे भरीव यायचा आणि भरीव हवा तिथे पातळ.

म्हणजे माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांच्या मनात जो मारिओ वाजतो, तो कोंडो यांनी लिहिलेल्या मारिओपेक्षा संथ आणि वेगळ्या गळ्याचा आहे. मूळ चाल पहिल्यांदा नीट ऐकली तेव्हा मला ती घाईत वाटली होती.

आता मी 'जुन्या गेमसारखं' लिहायला बसतो, तेव्हा नक्की कुणासारखं लिहू? संगीतकाराच्या मनात होतं तसं, की माझ्या कानात राहिलं तसं? पहिलं निवडलं तर ते अभ्यासाच्या दृष्टीनं बरोबर, पण ती आठवण माझी नाही. दुसरं निवडलं तर आठवण माझी, पण ती एका चोरट्या नकलेची आठवण आहे. मी बहुतेक वेळा दुसरं निवडतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. पण एवढं मात्र त्यातून कळलं की 'मूळ' हा शब्द आपण वापरतो तितका ठाम नाही. नकलेवर प्रेम केलेल्या माणसाचं प्रेम नकली नसतं, आणि तरी ज्याची नक्कल झाली त्याचं देणं काही फिटत नाही.

*

यावर एक आक्षेप माझ्याच मनात पुष्कळ दिवस होता. तो आधी निकालात काढायला हवा.

कोंडो यांच्याकडे पाच चॅनल होते, कारण तेवढेच होते. माझ्या लॅपटॉपवर शंभर वाद्यांचा ऑर्केस्ट्रा वाजू शकतो. तरी मी मुद्दाम पाच चॅनल उघडून बसतो. हे ढोंग नाही का? पंचतारांकित हॉटेलात मातीच्या ताटलीत झुणका-भाकर वाढतात आणि वर आठशे रुपये लावतात, त्यातलाच हा प्रकार नाही का? ज्यांच्यावर टंचाई लादली गेली त्यांचं कर्तृत्व वेगळं, आणि पोट भरल्यावर हौसेनं उपास करणाऱ्याचं वेगळं.

आक्षेपात तथ्य आहे. पण तो मर्यादेकडे फक्त गरिबी म्हणून बघतो. मर्यादा ही घडणसुद्धा असते. ओवी लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं की तुझ्याकडे एवढीच जागा आहे. तो ती चौकट स्वतःहून घेतो, कारण चौकटीत शब्दाची निवड करावी लागते. माझंही तसंच होतं. शंभर वाद्यं समोर असली की फिकी चाल मी व्हायोलिनच्या थरांखाली लपवू शकतो. दोन पल्स आणि एक ट्रँगल असेल तर लपायला जागा नसते. चाल चांगली असेल तर उभी राहते, नसेल तर दोन मिनिटांत उघडी पडते.

तेव्हा चौकट स्वतःहून घेणं हे ढोंग नाही. 'बघा, मी किती कमी सामानात केलं' अशी फुशारकी मात्र ढोंग ठरेल. त्या फुशारकीचा हक्क १९८५ च्या माणसांचा आहे. माझ्याकडे सामान भरपूर आहे, हे लपवायचं नाही, इतकंच.

*

मग आता मूळ प्रश्न. दुसऱ्याच्या भाषेत मी माझी गोष्ट सांगितली, तर काय देणं लागतो?

मला वाटतं याच्या तीन तऱ्हा आहेत, आणि तिन्ही मराठीला फार जुन्या ओळखीच्या आहेत.

पहिली तऱ्हा, दुसऱ्याचं घ्यायचं आणि माझं म्हणून सांगायचं. ही सरळ चोरी. तिच्यावर वेळ घालवायला नको.

दुसरी तिच्या बरोबर उलटी. स्वतःचं लिहायचं आणि मोठ्या माणसाच्या नावावर खपवायचं. तुकोबांच्या नावावरच्या अभंगांत मागून घुसलेले किती, यावर अभ्यासक वाद घालत आले आहेत. कुणी तरी भक्तानं मनापासून रचलं, शेवटी 'तुका म्हणे' जोडलं आणि स्वतः नाहीसा झाला. यात लोभ नाही, उलट टोकाची नम्रता आहे. तरी त्यानं नुकसान होतं. मूळ माणसाचा आवाज गढूळ होतो. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच कारणासाठी. त्यांचं या बाबतीतलं म्हणणं प्रसिद्ध आहे: ज्ञानेश्वरीत जो स्वतःची ओवी घुसवील, त्यानं अमृतानं भरलेल्या ताटात नारळाची करवंटी ठेवली असं समजावं.

पण याच एकनाथांनी स्वतः हजारो ओव्या लिहिल्या. तोच छंद, तीच भाषा, बरीचशी तीच श्रद्धा. ज्ञानेश्वरांच्या चौकटीत लिहायला त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो न सांगता आत शिरण्याला. आणि आपल्या अभंगांवर त्यांनी सही कशी केली? 'एका जनार्दनी'. आधी स्वतःचं नाव, लगेच गुरूंचं. एकाच सहीत 'हे मी केलं' आणि 'मी यांच्यामुळे आहे', दोन्ही.

ही तिसरी तऱ्हा. तिचा रोजच्या व्यवहारातला नमुना मला आजोबांच्या कपाटात सापडला. 'संगीत सौभद्र' हे १८८२ चं नाटक. त्याची एक जुनी प्रत त्यांच्याकडे होती. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं: चाल अमुक. कधी एखाद्या लावणीचं नाव, कधी कानडी पदाचं, कधी दुसऱ्याच कुठल्या लोकप्रिय गाण्याचं. पद माझं, चाल तिकडची, आणि हे सांगण्यात लपवण्यासारखं काहीच नाही. नाटक बघणाऱ्याला ती ओळ दिसत नव्हती, पण पुस्तक उघडणाऱ्याला दिसत होती.

सॉफ्टवेअरवाल्याला ही ओळ लगेच ओळखू येईल. एमआयटी लायसन्स! ओपन सोर्सच्या जगात हे लायसन्स म्हणतं, हा कोड घ्या, बदला, विका, फक्त मूळ लेखकाच्या हक्काची सूचना आणि हे लायसन्स त्यातून काढू नका. आमच्या कंपनीच्या प्रत्येक प्रॉडक्टमध्ये अशा सूचनांची लांबच्या लांब फाइल असते. पदावरची 'चाल' आणि ती फाइल, दोन्हींचं काम एकच.

फरक एवढाच की लायसन्स सक्ती करतं. शैलीला लायसन्स नसतं. पल्सच्या घुमाऱ्यावर किंवा खर्जाच्या ढबीवर कुणाचा कॉपीराइट नाही, आणि नसलेलाच बरा; नाही तर कुणी यमन गाण्याआधी परवानगी काढत बसलं असतं. पण याचा अर्थ कायदा इथे गप्प आहे, इतकाच. कायदा गप्प बसतो तिथे प्रश्न संपत नाही. तिथून पुढे तो आपल्या गळ्यात पडतो.

*

माझ्या गळ्यात तो गेल्या वर्षी पडला.

मोबाइल गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीला माझी बर्फाच्या गुहेची चाल आवडली. त्यांना ती त्यांच्या गेमसाठी हवी होती. चाळीस हजार रुपये. माझ्या सुरावटीला कुणी पैसे देऊ करण्याची ही पहिलीच वेळ. अट एकच. जिथे ती चाल मी टाकली होती, तिथे खाली मी लिहिलं होतं की ही सुरावट कोजी कोंडो, हिरोकाझु तानाका आणि मानामी मात्सुमाए यांच्या कामातून शिकून केली आहे. ती ओळ काढायची. फोनवरचे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "तुमचं काम ओरिजिनलच आहे, आमच्या वकिलांनी बघितलंय. पण असा उल्लेख असला की उगाच कुणीतरी शंका काढतं. तुम्हीच सांगा, चाल तुमची असताना दुसऱ्यांची नावं कशाला?"

ऑफिसमधल्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, "अरे, ओळ काढ, पैसे घे. खोटं बोल असं कुणी म्हणत नाहीये. गप्प बस एवढंच म्हणतायत. आणि कोंडोला काय फरक पडतो? तो तुझी ओळ वाचणार आहे का?"

मित्राचं म्हणणं हलकं नव्हतं. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नाही. कोंडो ती ओळ वाचणार नाहीत. त्यांच्या मारिओच्या चालीला २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत जागा दिली. गेमच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला. त्यांना माझ्या कृतज्ञतेची गरज नाही. आणि चाळीस हजार म्हणजे माझं दोन महिन्यांचं घरभाडं.

मग ती ओळ नक्की कुणासाठी होती? हा विचार करताना मला आठवलं की ही नावं मला कुठे मिळाली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना कुठल्या तरी परदेशी पोराची अशीच एक फॅन सुरावट ऐकली होती. तिच्याखाली त्यानं लिहिलं होतं, मात्सुमाएंकडून शिकलो. हे नाव मी त्याआधी ऐकलं नव्हतं. शोधलं, तर १९८७ च्या 'मेगा मॅन'चं संगीत सापडलं. तिथून तानाकांचं 'मेट्रॉइड' आणि मग सगळाच रस्ता खुला झाला. त्या पोरानं ती ओळ खोडली असती, तर मी ही भाषा शिकलोच नसतो.

एमआयटी लायसन्सच्या सूचनाही मूळ लेखक बहुधा कधी वाचत नाही. वाचतो तो पुढचा डेव्हलपर, ज्याला काही अडलं की हे कुठून आलं ते शोधायचं असतं. तसंच या ओळीचं. ऋण मागच्यांचं असतं, पण ते फेडायचं पुढच्यांना. ती ओळ खोडली की मागच्यांचं काही बिघडत नाही. पुढच्याची वाट तेवढी बुजते.

मी कंपनीला सांगितलं, गेममध्ये नावं नका देऊ, पण माझ्या पानावरची ओळ राहील. त्यांना ते जमत नव्हतं. बोलणं तिथेच थांबलं. चाळीस हजार गेल्याचं वाईट वाटलं, अजूनही महिनाअखेर वाटतं. पण दुसरा कुठला निर्णय मला पटला असता, असं मात्र वाटत नाही.

*

नावांचा मुद्दा आणखी एका कारणानं महत्त्वाचा आहे. ही नावं मुळातच लपलेली होती.

१९८५ चा मारिओ संपवला तर राजकन्या आभार मानते, पण गेम कुणी केला त्यांची यादी येत नाही. १९८६ च्या 'झेल्डा'त यादी येते, पण त्यात संगीतकार म्हणून लिहिलंय 'कोनचान'. ते कोंडो यांचं टोपणनाव. मात्सुमाए यांचं नावही गेममध्ये टोपणनावानंच आलं. त्या काळात जपानी कंपन्यांत हे सर्रास चालायचं. आपली माणसं दुसऱ्या कंपनीनं पळवू नयेत, हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. ही सगळी पगारी माणसं होती. त्यांनी केलेल्या कामाची मालकी कंपनीची, नावलौकिकही कंपनीचा.

मला हे परकं वाटत नाही. माझा कोड ज्या अ‍ॅपमध्ये चालतो तिथे माझं नाव कुठेही नाही, आणि करारानं ते बरोबरच आहे. 'गिट ब्लेम' नावाची कमांड तेवढी दाखवते की ही ओळ कुणी लिहिली, आणि ती बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावरच कुणी चालवतं. म्हणून 'निन्टेन्डोपासून प्रेरणा' असं लिहिणं मला अपुरं वाटतं. प्रेरणा कंपनीकडून येत नाही. ती अशा माणसाकडून येते, ज्यानं कधी तरी ट्रँगलला आवाजाच्या पायऱ्या नाहीत म्हणून वैतागून दुसरी वाट काढलेली असते.

आणि ही माणसंही काही आभाळातून पडली नव्हती. 'झेल्डा'च्या सुरुवातीला कोंडो यांना राव्हेलचा 'बोलेरो' वापरायचा होता. पण त्याचे हक्क अजून खुले झाले नव्हते, म्हणून ऐन वेळी, एका रात्रीत, नवी चाल लिहावी लागली. गेमबॉयवरच्या 'टेट्रिस'ची चाल आपल्याला गेमची वाटते. ती मुळात रशियन लोकगीताची. त्याचे शब्द नेक्रासोव्हच्या १८६१ च्या कवितेतले, आणि १९८९ च्या त्या छोट्या मशीनसाठी ती बसवली तानाकांनी.

साखळी पुढेही चालते. टोबी फॉक्स नावाच्या अमेरिकन पोरानं २००८ मध्ये 'अर्थबाउंड' या जुन्या गेममध्ये फेरफार करून एक हौशी आवृत्ती बनवली आणि तिच्यासाठी 'मेगालोव्हेनिया' ही चाल लिहिली. २०१५ मध्ये तीच चाल त्याच्या स्वतःच्या 'अंडरटेल'मध्ये आली आणि जगभर गाजली. २०१९ मध्ये ती निन्टेन्डोच्याच 'स्मॅश ब्रदर्स'मध्ये वाजली. चाहत्याची चाल मूळ घरी पोचली. आपण 'अर्थबाउंड'चे चाहते आहोत हे फॉक्सनं कधी लपवलं नाही, आणि त्यामुळे त्याचं काही कमी झालं नाही.

आता यंत्राला 'जुन्या गेमसारखं दे' म्हटलं की ते काही सेकंदांत दोन मिनिटांचं संगीत देतं. ते वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. पण तू हे कुणाकडून शिकलास, असं त्याला विचारता येत नाही. तिथे पदावरची 'चाल' छापायला जागाच नाही. मला त्यातला तोटा हा वाटतो. सुरावट हाती येते, पण मागे जायचा रस्ता येत नाही.

*

अर्थात, माझी स्वतःची ओळ तरी कुठे पूर्ण आहे?

रेल्वे यार्डाची चाल लिहिताना मी नॉइज चॅनलवर बारीक, कडक ठोके भरभर टाकले आणि खाली ट्रँगलचा घसरता ठोका. हा ठेका कुठल्या गेममधून आला ते आठवेना. चार दिवस फाइली उघडून शोधत होतो. मग गणपतीत घरी गेलो. रस्त्यावर पथकाचा सराव चालला होता, आणि तो ठेका तिथे वाजत होता. नॉइज म्हणजे ताशा. ट्रँगल म्हणजे ढोल. मी जपानी संगीतकारांचं ऋण मोजत बसलो होतो, आणि निम्मी उधारी गल्लीतली होती.

म्हणजे आपण कुणाकडून काय घेतलं, याची यादी कुणालाच पुरी करता येणार नाही. आईची हार्मोनियम त्यात आहे, त्या नकली मशीनची संथ लय आहे, ज्यांची नावं कधीच कळणार नाहीत अशी माणसं आहेत. पण यादी पुरी होत नाही म्हणून ती लिहूच नये, असं होत नाही. जेवढं आठवतं तेवढं लिहायचं, नवीन आठवलं की जोडायचं.

रेल्वे यार्डाच्या चालीखाली मी आता एक ओळ वाढवली आहे. तानाकांच्या नावानंतर स्वल्पविराम, आणि मग: 'ठेका सांगलीच्या ढोलताशाचा'. जपानमधल्या कुणा पोरानं ती वाचली, तर ढोलताशा म्हणजे काय, ते त्यानं शोधावं.